रूप, संकेत आणि श्रोता : हायडनच्या संगीताच्या संदर्भात

१

कलाकृतीच्या रूपाची स्वायत्तता सिद्ध करावयाची वेळ येते तेव्हा साहित्यसमीक्षक बहुधा संगीताला साक्षीला बोलावतो. साहित्याचे माध्यम अर्थवाही असल्यामुळे त्यातून लौकिक जीवन सर्वस्वी हद्दपार करता येत नाही; स्वर मात्र कशाचेही नाव घेत नाहीत, कशाचेही वर्णन करीत नाहीत. म्हणून केवळ रूप म्हणजे काय हे पाहावयाचे असेल तर ते संगीतात, विशेषतः शब्दविरहित वाद्यसंगीतात पाहावे, असा हा युक्तिवाद आहे. पाश्चात्त्य सौंदर्यविचारात एडुआर्ड हान्सलिक याने १८५४ मध्ये तो निःसंदिग्धपणे मांडला. स्वरांची गतिमान रूपे हाच संगीताचा आशय, भावना हा नव्हे, अशी त्याची भूमिका होती. मराठीत मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथातील लयसिद्धान्ताची बैठक याहून वेगळी असली, तरी संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी संवेदना संघटित होतात, ही त्यांची मांडणी पटवून देताना संगीताचे उदाहरण सर्वांत सोयीचे ठरते, याचा अनुभव सौंदर्यशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येकाला आहे.

प्रस्तुत लेखाचा हेतू या साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचा आहे. त्यासाठी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील वाद्यसंगीत, आणि त्यातही योझेफ हायडन (१७३२–१८०९) याच्या रचना येथे घेतल्या आहेत. या निवडीला कारण आहे. सिंफनी, तंतुवाद्य-चतुष्क म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, आणि सोनाटा हे ज्या काळात स्थिर झाले असे मानले जाते, तो हा काळ आहे; आणि या रूपांच्या घडणीत हायडनचा वाटा सर्वांत मोठा आहे. तेव्हा रूप स्वयंपूर्ण असते हे कोठे दिसावयाचेच असेल, तर ते येथे दिसावयास हवे. प्रत्यक्षात येथे वेगळेच काही दिसते. हायडनच्या संगीतातील रूप हे रचनाकार आणि श्रोता यांच्यामधील संकेतांवर उभे असते. तो संकेत जाणणारा श्रोता वजा केला की स्वर शिल्लक राहतात, रूप मात्र राहत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम रूपाच्या व्याख्येकडे वळू. 'सोनाटा-रूप' म्हणजे काय, याचे पाठ्यपुस्तकातील उत्तर सर्वपरिचित आहे. रचनेचे तीन विभाग असतात. पहिल्या, म्हणजे प्रस्तुतीच्या विभागात मूळ स्वरकेंद्रात एक विषय मांडला जातो. मग स्वरकेंद्र बदलून, बहुधा पंचमावर जाऊन, दुसरा विषय येतो. मधल्या विभागात या विषयांचा विस्तार होतो, स्वरकेंद्रे अस्थिर होतात. अखेरच्या विभागात पहिली मांडणी परत येते, पण आता दुसरा विषयही मूळ स्वरकेंद्रातच येतो आणि ताण मिटतो.

ही व्याख्या चुकीची नाही; ती उशिराची आहे. हायडनच्या हयातीत ती या स्वरूपात अस्तित्वात नव्हती. आडोल्फ बेर्नहार्ड मार्क्स याने आपल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथाच्या १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडात तिला पक्के रूप दिले. त्या वेळी हायडनला जाऊन ३६ वर्षे झाली होती. मार्क्सच्या डोळ्यांसमोर मुख्यतः बेथोव्हन होता. पहिला विषय पुरुषी आणि दुसरा स्त्रीसुलभ, हे पुढे बराच काळ टिकलेले रूपकही मार्क्सचेच. ज्या व्याख्येला आपण तटस्थ रूपवर्णन समजतो तिच्यात एकोणिसाव्या शतकातील लिंगभावाची एक कल्पना मुरलेली होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

हायडनच्या १०४ व्या सिंफनीचा (१७९५) पहिला भाग या व्याख्येपुढे ठेवला की अडचण लक्षात येते. रचना डी मेजरमध्ये आहे. संथ प्रास्ताविकानंतर पहिला विषय येतो, स्वरकेंद्र बदलते, आपण दुसऱ्या विषयाची वाट पाहतो, आणि ए मेजरमध्ये पुन्हा तोच पहिला विषय अवतरतो. हायडनच्या कितीतरी रचनांत असे घडते. व्याख्या प्रमाण मानली तर सोनाटा-रूपाचा हा प्रमुख शिल्पकार अपवादांचा कर्ता ठरतो. उलट हायडनला प्रमाण मानले तर असे दिसते, की त्याच्या श्रोत्याच्या दृष्टीने विषयांची संख्या गौण होती; स्वरकेंद्र मूळ जागा सोडून गेले आहे आणि ते परत येणे बाकी आहे, ही जाणीव प्रमुख होती. चार्ल्स रोझेन यांनी 'सोनाटा फॉर्म्स' (१९८०) या ग्रंथाच्या शीर्षकातच अनेकवचन वापरले, त्यामागे हीच दृष्टी आहे.

हायडनच्या समकालीनांनी रूपाचे वर्णन कोणत्या भाषेत केले, हे साहित्याच्या अभ्यासकांना विशेष उद्बोधक वाटेल. हाइन्रिख क्रिस्टोफ कोख याच्या तीन खंडांतील रचनाशास्त्रात (१७८२–१७९३) संगीतकृतीचा विचार वाक्य, उपवाक्य आणि विरामचिन्हे यांच्या परिभाषेत केलेला आहे. कोणता विराम अर्धा, कोणता पूर्ण, कोणत्या विरामानंतर काय येऊ शकते, हे तो सांगतो. उद्देश्य आणि विधेय या व्याकरणातील संज्ञाही तो वापरतो. त्याच्याही आधी योहान माटेसोन याने १७३९ मध्ये एका मिन्युएटचे विश्लेषण स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम अशा खुणा लावून केले होते. म्हणजे त्या काळी रूप हे इमारतीच्या आराखड्यासारखे एका दृष्टिक्षेपात पाहण्याची वस्तू नव्हते. वाक्य जसे ऐकता ऐकता कळत जाते, आणि क्रियापद येईपर्यंत अर्थ जसा लांबणीवर पडतो, तसे रूप ऐकण्याच्या ओघात घडत होते.

लक्षण आणि लक्ष्य यांच्या संबंधाचा हा प्रश्न आपल्याला अपरिचित नाही. दण्डीने 'काव्यादर्शा'त महाकाव्याची लक्षणे सांगितली आणि लगेच असेही नमूद केले, की यांतील काही अंगे उणी असली तरी, उरलेल्यांच्या योजनेने रसिक संतुष्ट होत असतील तर, काव्य दूषित होत नाही. लक्षणकाराने अखेरचा निर्णय रसिकांच्या स्वाधीन केला आहे. पुढच्या परंपरेने यादी पाठ केली आणि तिला जोडलेली ही अट विस्मरणात टाकली. सोनाटा-रूपाच्या बाबतीतही तसेच घडले.

३

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू. हायडनने १७८१ मध्ये रचलेली सहा चतुष्के 'ओपस ३३' या क्रमांकाने ओळखली जातात. हस्तलिखित प्रती घेऊ इच्छिणाऱ्या वर्गणीदारांना लिहिलेल्या पत्रांत त्याने या रचना सर्वस्वी नव्या, खास पद्धतीच्या असल्याचे म्हटले होते. ही विक्रेत्याची भाषा की कलावंताची, यावर अभ्यासकांनी बराच वाद घातला आहे. यातील दोन चतुष्के एकमेकांशेजारी ठेवून ऐकली तर या वादाकडे पाहण्याची एक वेगळी वाट सापडते.

जी मेजरमधील पाचव्या चतुष्काचा आरंभ अत्यंत हळू आवाजातील एका लहानशा स्वरवाक्याने होतो. हे स्वरवाक्य समाप्तीचे आहे. त्या काळच्या संगीतात एखादा परिच्छेद संपताना ज्या स्वरक्रमाने संपत असे, तोच हा स्वरक्रम. काही सुरू होण्यापूर्वीच कोणीतरी पूर्णविराम दिला आहे. पुढे भाग उलगडत जातो, आणि अगदी शेवटी तेच स्वरवाक्य पुन्हा येते. या वेळी ते आपल्या हक्काच्या जागी असते.

ई-फ्लॅट मेजरमधील दुसऱ्या चतुष्काच्या अंतिम भागात याच्या नेमके उलट घडते. हा भाग द्रुत लयीतील रोंडो आहे. त्याचा चार तुकड्यांचा मुख्य विषय वारंवार परतून येतो आणि श्रोत्याला चांगला पाठ होतो. शेवट जवळ आल्यावर अकस्मात काही बार संथ लयीत जातात. नंतर तोच विषय येतो, पण तुकड्यातुकड्यांनी: प्रत्येक तुकड्यानंतर विश्रांती. चौथा तुकडा वाजतो, वाक्य पुरे होते, रचना संपली असे वाटते. आधीच्या विश्रांतींहून लांब अशी एक शांतता पसरते. आणि मग विषयाचा पहिला तुकडा, हळू आवाजात, एकदाच वाजतो. त्यानंतर काहीही येत नाही. रचना आरंभाच्या वाक्यावर संपलेली असते.

एका कृतीत शेवट आरंभाच्या जागी आहे, दुसरीत आरंभ शेवटाच्या जागी. हे योगायोगाने घडत नाही. आरंभ म्हणजे काय आणि शेवट म्हणजे काय हे केवळ स्थानावरून ठरत नाही, तर ज्यांच्या कानांवर एका भाषेचे संस्कार झालेले आहेत अशा श्रोत्यांच्या ओळखीवर ठरते, हे हायडन स्वरांतून दाखवीत आहे. ज्याला ही भाषा ठाऊक नाही त्याला पाचव्या चतुष्काचा आरंभ हा निव्वळ आरंभ वाटेल, आणि दुसऱ्याचा शेवट निव्वळ शेवट. स्वर तेच असतील, पण घडलेली घटना त्याला दिसणार नाही.

येथे लयसिद्धान्ताच्या बाजूने एक आक्षेप संभवतो. ध्वनी आणि शांतता यांतील नाते हे विरोधाचे नाते आहे. तेव्हा दुसऱ्या चतुष्काच्या शेवटाचे स्पष्टीकरण विरोधलयीने होऊ शकेल, असे म्हणता येईल. परंतु या शांततांकडे बारकाईने पाहावे. विषयाच्या तुकड्यांमधल्या विश्रांती संवेदना म्हणून एकसारख्या आहेत. तरीही पहिली विश्रांती चकित करते, दुसरी तीच युक्ती पुन्हा योजिली जात असल्याची जाणीव देते, तिसऱ्या विश्रांतीत पुढचा तुकडा श्रोत्याने मनात आधीच म्हटलेला असतो. नंतरची लांब शांतता त्याला समाप्ती वाटते, आणि पहिला तुकडा वाजताच ती समाप्ती नव्हती असे उमगते. अखेरच्या तुकड्यानंतरची शांतता तर रचनेत लिहिलेलीही नाही. ती रचनेबाहेरची आहे, पण श्रोता ती आतलीच समजून ऐकत राहतो. संवेदनांच्या पातळीवर सारख्या असणाऱ्या या शांततांना वेगवेगळी मूल्ये प्राप्त होतात, ती श्रोत्याला काय ठाऊक आहे आणि तो कशाची वाट पाहत आहे यामुळे. संवाद, विरोध आणि समतोल ही नाती खरी आहेत. पण ती संवेदना आणि संवेदना यांच्यात जुळण्यापूर्वी संवेदना आणि अपेक्षा यांच्यात जुळावी लागतात. संगीतातील अर्थाचा उगम अपेक्षेच्या खोळंबण्यात आहे, हे लेनर्ड मायर यांनी १९५६ मध्ये सविस्तर मांडले होते. साहित्यविचारात हान्स रोबेर्ट याउस यांनी १९६७ मध्ये ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, त्याचे नाते या विचाराशी जुळते.

४

हे संकेत येतात कोठून? रूपाचा विचार येथे लौकिकाच्या प्रदेशात शिरतो, आणि तो टाळता येत नाही.

हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या सेवेत उपसंगीतप्रमुख म्हणून रुजू झाला. त्या वेळच्या करारानुसार त्याने नेमून दिलेला पोशाख घालावयाचा, आज्ञा घेण्यासाठी दररोज हजर राहावयाचे, आणि धन्यासाठी केलेल्या रचना इतरांना द्यावयाच्या नाहीत, अशी बंधने होती. १७७९ च्या नव्या करारात रचनांवरील हे बंधन उरले नाही, आणि पुढच्याच वर्षापासून व्हिएन्नाच्या आर्टारिया या प्रकाशनसंस्थेशी त्याचा व्यवहार सुरू झाला. ओपस ३३ ही या बदलानंतरची पहिली चतुष्के आहेत. ती छापून विकली जाणार होती, घरोघरी चार हौशी वादक ती वाजविणार होते. चतुष्काचा पहिला श्रोता हा वादकच असतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. समाप्तीच्या वाक्याने आरंभ झाल्याचे सर्वांत आधी त्या चौघांच्या लक्षात येणार. पुढे किती बार शांतता आहे हे त्यांनाच मोजावे लागणार. नव्या पद्धतीविषयीचे हायडनचे विधान विक्रीसाठी होते की कलेविषयी, हा पेच त्यामुळे सुटण्याजोगा आहे. नवा ग्राहक हाच नवा श्रोता होता, आणि रूप त्याच्याशी बोलत होते.

श्रोता बदलला की रूप बदलते, याचा पडताळा दहा वर्षांनी मिळतो. नीकोलाऊस एस्टरहाझी १७९० मध्ये मरण पावल्यावर हायडन योहान पेटर सालोमोन याच्या निमंत्रणावरून लंडनला गेला. १७९१–९२ आणि १७९४–९५ अशा दोन मुक्कामांसाठी त्याने ९३ ते १०४ या क्रमांकांच्या बारा सिंफनी रचल्या. तेथे तिकीट काढून येणारा मोठा श्रोतृवर्ग होता. ९४ व्या सिंफनीच्या दुसऱ्या भागातील प्रसिद्ध आघात या श्रोत्यासाठी आहे. साधी, बालगीतासारखी आठ बारांची चाल येते, ती आणखी हळू आवाजात पुन्हा येते, आणि सोळाव्या बारात संपूर्ण वाद्यवृंद एका स्वरसंघातावर कडाडतो. दुसऱ्या चतुष्कातील सूक्ष्म फसवणूक आणि हा उघड धक्का यांतील अंतर हे घरातील खोली आणि सभागृह यांतील अंतर आहे. आणखी एक पुरावा याहून नेमका आहे. लंडनच्या दोन मुक्कामांच्या मधल्या काळात, १७९३ मध्ये रचलेली ओपस ७१ आणि ७४ ही चतुष्के सभागृहात वाजविली जाणार होती. त्यांच्या आरंभी बहुधा ठळक स्वरसंघात किंवा लक्ष वेधून घेणारे छोटे प्रास्ताविक आढळते. खासगी चतुष्क पूर्णविरामाने हळूच सुरू होऊ शकत होते. सभागृहातील चतुष्काला आधी गलबला शांत करणे भाग होते. रूपातील हा बदल आंतरिक विकासाच्या कोणत्याही नियमाने सांगता येणार नाही.

याचा अर्थ रूप हे समाजस्थितीचे प्रतिबिंब ठरते, असा मात्र नाही. १७७२ ची ४५ वी सिंफनी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्या शेवटी वादक एकेक करून थांबतात आणि अखेर दोनच व्हायोलिने उरतात. उन्हाळी प्रासादात लांबलेल्या मुक्कामाने कुटुंबांपासून दुरावलेल्या वादकांची व्यथा राजपुत्राच्या कानी घालण्यासाठी हायडनने ही योजना केली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. केवळ आख्यायिकेवर भिस्त ठेवली तर सिंफनी म्हणजे एक अर्ज ठरतो. परंतु जेम्स वेब्स्टर यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, एफ-शार्प मायनर या त्या काळी सिंफनीत दुर्मिळ असलेल्या स्वरकेंद्रात आरंभापासून जी अस्थिरता मुद्दाम मिटू दिलेली नाही, तिचे निराकरण एफ-शार्प मेजरमधील या अखेरच्या संथ अंशात होते. अर्ज आणि निराकरण या दोन गोष्टी एकाच स्वरांत आहेत. सिंफनीचा शेवट भरघोस, सर्व वाद्यांनी व्हावयाचा असतो, हे राजपुत्राला ठाऊक होते, म्हणूनच वाद्यांच्या गळतीला अर्थ आला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद यांच्यामधील ज्या ताणाची चर्चा केली आहे, त्याचे याहून बोलके उदाहरण वाद्यसंगीतात क्वचितच मिळेल.

५

या भूमिकेवर दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा, की रूप अपेक्षेवर अवलंबून असेल तर दुसऱ्यांदा ऐकताना ते नष्ट व्हावयास हवे. विनोद एकदाच हसवितो. याचे उत्तर हायडननेच देऊन ठेवले आहे. ९० व्या सिंफनीच्या (१७८८) अंतिम भागात सी मेजरमध्ये जोरकस समाप्ती होते, चार बार शांतता पसरते, आणि संगीत डी-फ्लॅट मेजर या दूरच्या स्वरकेंद्रात पुन्हा सुरू होते. हायडनने या विभागाला पुनरावृत्तीची खूण दिली आहे. म्हणजे फसवणूक उघडकीस आल्यावर ती त्याच श्रोत्यांपुढे पुन्हा करावयाची आहे. फसवणुकीचे रूपांतर येथे फसवणुकीच्या जाणिवेत होते. अपेक्षा ही विशिष्ट कृतीत पुढे काय येणार याची माहिती नव्हे. ती संकेतव्यवस्थेचे ज्ञान आहे, आणि ते कृती पाठ झाल्यावरही कार्य करीत राहते. दुष्यन्ताला अखेर शकुन्तला भेटणार हे ठाऊक असलेला प्रेक्षकही नाटकाच्या रचनेत ताण अनुभवतोच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रूप श्रोत्याच्या स्वाधीन केले तर जितके श्रोते तितकी रूपे, अशी अनवस्था ओढवेल. परंतु येथे अभिप्रेत असलेला श्रोता म्हणजे कोणाचीही व्यक्तिगत आवड नव्हे. अभिनवगुप्ताने सहृदयाची कल्पना मांडताना काव्याच्या अनुशीलनाने, अभ्यासाने स्वच्छ झालेल्या मनाची अट घातली आहे. हा अभ्यास परंपरेचा असतो, म्हणून तो सार्वजनिक असतो, म्हणून त्याविषयी पुराव्यानिशी बोलता येते. कोखची परिभाषा, करारातील कलमे, सभागृहे, छापील प्रती हे सारे त्या अभ्यासाचे अवशेष आहेत. आज ध्वनिमुद्रणावरून हायडन ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला ही संकेतव्यवस्था जन्मजात लाभलेली नाही. पण समेची वाट पाहणे म्हणजे काय हे ज्याच्या कानाला कळते, त्याला अपेक्षा ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. फक्त ती येथे कोणत्या ठिकाणी बांधली जाते हे शिकावे लागते.

साक्षीदाराची तपासणी येथे संपते. संगीताची साक्ष रूपाच्या स्वायत्ततेच्या विरोधात जाते, आणि याचे परिणाम साहित्याच्या अध्यापनापर्यंत पोहोचतात. पदव्युत्तर वर्गांत आपण साहित्यप्रकारांची लक्षणे शिकवितो: लघुकथेची इतकी, खंडकाव्याची इतकी. मग कृती घेऊन ती लक्षणांत कितपत बसते हे पाहतो, आणि न बसणारी कृती एक तर सदोष ठरते, नाही तर प्रयोगशील. हायडनच्या बाबतीत या पद्धतीने जो घोटाळा झाला तो आपल्या साहित्याच्या बाबतीतही होत असतो. या कृतीचे रूप कोणते, या प्रश्नाबरोबर दोन प्रश्न विचारणे आवश्यक आहे: ही कृती ज्यांच्यासाठी घडली त्यांना काय ठाऊक होते, आणि कोणत्या जागी तिने त्यांना थांबविले, चुकविले वा परत आणले. त्यांची उत्तरे कृतीच्या आत जितकी असतात तितकीच तिच्या पहिल्या वाचकांच्या सवयींतही असतात. ती शोधण्यासाठी रूपवादी समीक्षकाला बारीक वाचन आणि दप्तरातील संशोधन ही दोन्ही कामे करावी लागतील. ही दोन कामे दोन स्वतंत्र संप्रदायांची मानण्याची आपली रीत हायडनच्या साक्षीनंतर पुन्हा तपासून पाहावयास हवी.